अक्षयनीवी : एका विस्मृत शब्दाचा विचार

श्रींच्या दर्शनानंतर देणगी कक्षाकडे येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळांचा एक प्रश्न ठरलेला असतो. रक्कम देऊन झाली, पावतीवरील नाव व गोत्र बरोबर आहे हे पाहून झाले, की ते विचारतात, "ही कायम राहील ना?" देवस्थानांच्या परिभाषेत अशा रकमेस कायम ठेव म्हणतात. कोठे तिला शाश्वत पूजा निधी असे नाव असते, कोठे नंदादीप ठेव, तर कोठे नुसताच कायम निधी. मुद्दल मोडावयाचे नाही आणि व्याजातून दरवर्षी ठरल्या तिथीस अभिषेक, नैवेद्य किंवा अन्नदान करावयाचे, असा तिचा अर्थ. भाविकांचा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. परंतु त्यामागे दुसराच प्रश्न उभा असतो. मी नसेन तेव्हा माझे देणे चालू राहील काय, आणि ते चालू ठेवण्याचे बंधन नेमके कोणावर?

या प्रश्नासाठी आपल्याच प्रदेशात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक शब्द वापरात होता. आज तो संस्कृत कोशांत आणि कोरीव लेखांच्या अभ्यासकांच्या लिखाणातच आढळतो. तो शब्द म्हणजे 'अक्षयनीवी'. प्राकृत लेखांत त्याचे रूप 'अखयनीवी' असे येते.

यातील 'अक्षय' आपल्या परिचयाचा आहे. 'नीवी' मात्र आजच्या मराठीत जवळजवळ अनोळखी झाला आहे. हिंदीतील पाया या अर्थाच्या 'नींव' या शब्दाशी त्याची गल्लत करू नये; तो शब्द निराळा. 'नीवी'चा सर्वांत जुना अर्थ वस्त्राशी निगडित आहे. अथर्ववेदात तो अंगावर नेसण्याच्या वस्त्राच्या संदर्भात येतो. परंपरागत व्युत्पत्ती 'नि' हा उपसर्ग आणि झाकणे, गुंडाळणे या अर्थाचा 'व्ये' हा धातू यांपासून दिली जाते. पुढे कमरेपाशी वस्त्र ज्या गाठीने धरून ठेवले जाते त्या गाठीस नीवी म्हणू लागले. अभिजात संस्कृत काव्यात हाच अर्थ रूढ आहे. कालिदासाच्या मेघदूतात, अलकानगरीच्या वर्णनात 'नीवीबंध' येतो तो शृंगाराच्या संदर्भात, आणि नंतरच्या कवींनी तर त्या गाठीवर इतके लिहिले की संस्कृत काव्याच्या वाचकाला नीवी म्हटले की दुसरे काही आठवतच नाही. त्याच गाठीला धर्मकृत्यातही स्थान आहे. श्राद्धाच्या काही प्रयोगांत कर्ता तीळ व दर्भ कमरेच्या गाठीत खोवतो, त्या विधीस नीवीबंधन असेच म्हणतात. एकाच गाठीला शृंगार आणि पितृकार्य या दोन्ही ठिकाणी जागा मिळाली, याचे कोणास नवल वाटेल. परंतु शब्द माणसांच्या संगतीने जगतात आणि माणसाच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी असतात.

मग हीच नीवी 'मूळ रक्कम' कशी झाली? अमरसिंहाच्या कोशात नीवी हा शब्द व्यापाराच्या प्रकरणात मूलधनाचा पर्याय म्हणून दिला आहे आणि नानार्थांच्या प्रकरणात त्याचे दोन्ही अर्थ, वस्त्राची गाठ आणि भांडवल, शेजारी शेजारी मांडले आहेत. या दोहोंतील दुवा कोशकार सांगत नाही. पण तो मराठी माणसास सांगावा लागू नये. आपल्याकडे 'कनवट' हा शब्द अजून पुरता गेलेला नाही. धोतराच्या किंवा लुगड्याच्या कमरेपाशी खोवलेल्या घडीत पैसा ठेवावयाचा, तो कनवटीचा पैसा. खर्चाचे पैसे हातात किंवा पिशवीत असत. जो सहसा काढावयाचा नाही तो कनवटीला. बाजारातून, जत्रेतून, वारीतून घरी परतेपर्यंत तो तसाच राही. वस्त्राच्या गाठीपासून राखून ठेवलेल्या धनापर्यंतचा प्रवास याच वाटेने झाला असावा, असे मानण्यास हरकत दिसत नाही.

कौटिल्याने या शब्दाला हिशेबाच्या चौकटीत बसविले. अर्थशास्त्रात राज्याच्या जमाखर्चाचे विवेचन आहे. तेथे आय आणि व्यय यांची वजावाट होऊन जी शुद्ध शिल्लक उरते ती नीवी. तिचे त्याने दोन भाग केले आहेत, एक हाती आलेली आणि दुसरी मागून पुढे चालत आलेली. ताळेबंद तयार करणाऱ्या कोणाही कारकुनाला यात आजची 'मागील बाकी' दिसेल. इतक्या जुन्या ग्रंथात आपल्या कीर्दीतील रकाना भेटावा, याचा आनंद ज्यांनी मार्चअखेरीस रात्री जागून हिशेब जुळविले आहेत त्यांनाच कळेल.

आता 'अक्षय' या पदाकडे वळू. मराठीत आपण 'अक्षय तृतीया' आणि 'अक्षय्य तृतीया' असे दोन्ही लिहितो आणि दोन्ही एकच समजतो. पाणिनीने मात्र 'क्षय्य' या रूपासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. त्यानुसार ज्याचा क्षय होणे शक्य आहे ते क्षय्य. म्हणून अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होऊच शकत नाही असे. अक्षय म्हणजे ज्याचा क्षय झालेला नाही, होत नाही, असे. पहिल्या शब्दात वस्तूचे सामर्थ्य सांगितले आहे, तर दुसऱ्यात तिची स्थिती. द्रौपदीची थाळी गोष्टीत अक्षय्य असू शकते. कोणाची रक्कम तशी नसते. रक्कम खर्चता येते, बुडविता येते, चोरीस जाते, आणि काहीही न करता पडून राहिली तरी महागाईने झिजते. तेव्हा एखाद्या ठेवीस अक्षय म्हणणे याचा अर्थ ती संपू शकत नाही असा घेता येणार नाही. मी त्याचा अर्थ असा घेतो की, ती कोणी तरी संपू दिलेली नाही. या विशेषणात वस्तूचा गुण कमी आणि सांभाळणाऱ्याचे वर्तन अधिक आहे. माझ्या या वाचनाला आधार आहे तो नाशिकच्या एका लेखाचा, आणि तो थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने दान दिले. काही अभ्यासक त्याचे नाव ऋषभदत्त असेही देतात. तो दिनीकाचा पुत्र, आणि त्याची पत्नी दक्षमित्रा ही नहपानाची कन्या. तिच्याही दानाचा उल्लेख त्याच लेण्यात आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. वर्ष ४२, वैशाख महिना, अशी मिती देऊन उषवदात सांगतो की, हे लेणे त्याने चारही दिशांच्या भिक्षुसंघास दिले आणि त्यासोबत तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी दिली. ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती ठेवली नाही. गोवर्धन या तत्कालीन नगरातील कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती ठेवली. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांची संघटना. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासासाठी त्या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवराकरिता प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. दुसऱ्या रकमेचे व्याज 'कुशणमूल्य' म्हणून, म्हणजे ढोबळमानाने इतर खर्चासाठी. त्या शब्दाच्या नेमक्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

वाचकांनी एवढा हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्यास वीस आणि वर्षास दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. एक कार्षापण शिल्लक नाही, एक कमी नाही. व्याजाचा दरही बेताचा आहे. कौटिल्याने धर्म्य म्हणून सांगितलेला दर दरमहा शेकडा सव्वा. उषवदाताने त्याहून कमी घेतला. विणकरांना तो जाचक वाटू नये आणि व्यवस्था टिकावी, असा त्यामागे विचार असल्यास आश्चर्य नाही.

या लेखातील दोन शब्दांकडे माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. हे कार्षापण 'अपडिदातवा' आहेत, असे लेख म्हणतो. संस्कृतात अप्रतिदातव्य, म्हणजे परत करावयाचे नाहीत. आणि ते 'वढिभोजा', म्हणजे केवळ त्यांच्या वृद्धीचा उपभोग घ्यावयाचा. 'तव्य' प्रत्यय कर्तव्य सांगतो हे शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवत असेल. अक्षयनीवी या शब्दाचे स्पष्टीकरण लेखकाने पैशाच्या गुणाने केलेले नाही, ते विधि-निषेधाच्या भाषेत केले आहे. हे करावे, हे करू नये. पुढे लेख सांगतो की, हे सर्व निगमसभेत वाचून दाखविण्यात आले आणि प्रथेप्रमाणे 'फलकवारात', म्हणजे नोंदींच्या दप्तरात, नोंदविण्यात आले. दाता एक, रक्कम सांभाळणारे दुसरे, लाभ घेणारे तिसरे आणि साक्षीला नगराची सभा. कमरेची गाठ एकटा माणूस मारतो. ही गाठ चौघांनी मिळून मारलेली आहे.

उषवदात केवळ बौद्ध संघाचाच दाता होता असे कोणी समजू नये. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात त्याने देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे दिल्याचे, प्रभास क्षेत्री ब्राह्मणांसाठी केलेल्या धर्मकृत्याचे, नद्यांवर घाट बांधल्याचे आणि तापी, दमण, पारदा अशा नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्याचे उल्लेख आहेत. त्या काळी दानाला पंथाची कुंपणे आजच्यासारखी नव्हती.

त्याच परिसरात आणखी एक लेख आहे आणि मला तो अधिक हृद्य वाटतो. आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने अक्षयनीवी ठेवली. ती शक अग्निवर्म्याची कन्या आणि गणपक विश्ववर्म्याची माता. तिचा हेतू एकच होता, आजारी भिक्षूंना औषध. तिने आपली रक्कम एका ठिकाणी न ठेवता निरनिराळ्या श्रेणींकडे वाटून ठेवली. त्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते, तेली होते. एक श्रेणी बुडाली तरी औषध बंद पडू नये, हा शहाणपणा त्यात उघड दिसतो. आजही ठेवी एकाच बँकेत ठेवू नयेत, असे लेखापरीक्षक आम्हांस दरवर्षी सांगतात. विष्णुदत्तेला ते कोणी सांगावे लागले नव्हते.

महाराष्ट्राबाहेरही हा शब्द आढळतो. मथुरेस सापडलेल्या, कुषाण सम्राट हुविष्काच्या काळातील, वर्ष २८ च्या लेखात दोन श्रेणींकडे प्रत्येकी ५५० पुराण नावाची नाणी ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी एक श्रेणी समितकरांची, म्हणजे पिठाचा व्यवसाय करणाऱ्यांची. व्याजातून पुण्यशाळेत महिन्याला शंभर ब्राह्मणांना भोजन, आणि रोज दाराशी भुकेल्या-तहानेल्या अनाथांसाठी सातूचे पीठ, मीठ आणि हिरवी भाजी मापे ठरवून ठेवावयाची. ज्या भाविकांनी येथील अन्नछत्रात प्रसाद घेतला असेल त्यांना त्या यादीत आपले ताट ओळखू येईल.

गुप्तकाळातील एक ताम्रपट उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यातील इंदोर या गावी मिळाला. मध्य प्रदेशातील इंदूर ते नव्हे. गुप्त संवत् १४६, म्हणजे इ.स. ४६५-६६, स्कंदगुप्ताचे राज्य. देवविष्णू नावाच्या ब्राह्मणाने सूर्यमंदिरातील दिव्यासाठी तेथील तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव दिली. जीवंत हा त्या श्रेणीचा प्रमुख होता. ठेवीच्या मोबदल्यात श्रेणीने रोज दोन पले तेल द्यावयाचे, चंद्रसूर्य असेतो. आणि एक अट अशी की, ही श्रेणी हे गाव सोडून दुसरीकडे गेली, तरी ती एकत्र आहे तोवर हे देणे तिच्यावर राहील.

या अटीचे मला फार कौतुक वाटते. देवविष्णूने दोन गोष्टी ओळखल्या. पहिली, माणसे गाव सोडतात. म्हणून त्याने बंधन जागेवर न ठेवता संघटनेच्या एकीवर ठेवले. दुसरी, नाण्याचे मोल बदलते. म्हणून त्याने व्याज नाण्यांत न मागता तेलात मागितले. तेलाचा भाव काहीही होवो, दोन पले ते दोन पले. उषवदाताचा हिशेब सुबक होता, पण कार्षापणाची किंमत घसरली असती तर बारा कार्षापणांत चीवर आले नसते. ज्याची वस्तू हवी त्याच व्यावसायिकाकडे रक्कम ठेवण्याची ही पद्धत, दिव्यासाठी तेली, अन्नासाठी पीठवाले, वस्त्रासाठी विणकर, हे नुसते योगायोग नसावेत.

यादवकाळाकडे येताना अक्षयनीवी हा शब्द आपल्याकडे मागे पडत गेला, पण दानाचा विचार थांबला नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाची व्यवस्था आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातील व्यवहारांवरील लागा मठाला लावून दिला आहे. तेथे मुद्दल नाही. गावाच्या उलाढालीचाच वाटा आहे. पंढरपूरच्या 'चौऱ्यांशीच्या लेखा'त विठ्ठल मंदिराला देणाऱ्यांची नावे शके ११९५ पासून पुढे नोंदविलेली आहेत. नंतरच्या काळात इनाम, सनद, वर्षासन, दिवाबत्तीची नेमणूक असे शब्द आले. दानलेखांवर 'आचंद्रार्क' हे पद आणि चंद्रसूर्याच्या आकृती आल्या, आणि पुष्कळ शिळांवर त्यांच्याखाली दान मोडणाऱ्यास शापही आला. शापाची भाषा कित्येकदा फार कठोर असते. उषवदाताने शाप दिला नाही, त्याने नोंद केली. मला व्यक्तिशः नोंदीचा मार्ग अधिक धर्म्य वाटतो. शाप ज्याच्यासाठी असतो तो बहुधा त्याला भीत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या सद्भक्ताने वडिलांच्या पुण्यतिथीस दरवर्षी अभिषेक व्हावा म्हणून ५०१ रुपये कायम ठेव म्हणून दिले. दरसाल ८ टक्के व्याज धरले तर वर्षास ४० रुपये ८ पैसे होतात. तेव्हा त्यात अभिषेक, नैवेद्य व दक्षिणा भागत असे. आज तेवढ्या रकमेत नारळ आणि थोडी फुले यांपलीकडे फारसे काही येत नाही. मुद्दल जसेच्या तसे आहे. कोणी त्यास हात लावलेला नाही. वही पाहिली तर ठेव अक्षय आहे, ताम्हन पाहिले तर क्षीण झाली आहे. अशा वेळी देवस्थानाने काय करावे?

एक उत्तर असे की, व्याजात जेवढे बसेल तेवढेच करावे. नारळ ठेवावा, नाव वाचावे, अभिषेक थांबवावा. हे कायद्याने चुकीचे ठरणार नाही कदाचित, पण त्यात शब्द पाळल्यासारखे दाखवून अर्थ सोडला जातो. दुसरे उत्तर असे की, तूट सामान्य निधीतून भरावी आणि अभिषेक पूर्ववत चालवावा. यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. सामान्य निधी म्हणजे आज आपल्यासारख्या यात्रेकरूंनी दानपेटीत टाकलेला पैसा. एका घराच्या पुण्यतिथीची तूट अनोळखी भाविकाच्या रुपयाने का भरावी? मृताच्या इच्छेने जिवंतांना किती बांधावे? हा प्रश्न केवळ आपल्या देवस्थानाचा नाही, जेथे जेथे कोणी भविष्यकाळाला वचन दिले आहे तेथे तो उभा राहतो.

या प्रश्नाचे मला सुचणारे उत्तर असे. ज्या जुन्या दात्याची तूट आज भरली जाते, त्याचे ५०१ रुपये ज्या दिवशी आले त्या दिवसापासून ते देवस्थानाच्या उभे राहण्याला लागलेले आहेत. पूजा खंडित झाली नाही, गाभाऱ्यातील समई विझली नाही, पायऱ्या झिजल्या तेव्हा बदलल्या गेल्या, ते अशाच लहान ठेवींच्या भरवशावर. आज दर्शनास येणारा भाविक जे मंदिर पाहतो ते त्याला त्यांनी राखून दिले आहे. म्हणजे त्याचा रुपया अगदीच अनोळख्याकडे जात नाही. परंतु याला मर्यादा आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तुटीचा बोजा इतका वाढला की अन्नछत्रातील पानांची संख्या कमी करावी लागेल, तर तेथे थांबले पाहिजे. विष्णुदत्तेच्या औषधाची आणि मथुरेच्या दारातील पिठाची आठवण ठेवली तर कोणते देणे आधी, हे ठरविणे अवघड जाऊ नये. भुकेल्याचे पान आधी. एकाच तिथीचे अनेक अभिषेक एकत्र करून सर्वांची नावे संकल्पात उच्चारणे, हा मार्ग त्यानंतरचा आणि मान्य होण्याजोगा आहे.

गाठ सैल करण्याची ही कल्पना आजची नाही. बंगालमधील गुप्तकालीन ताम्रपटांत 'नीवीधर्म' असा शब्द येतो. नीवीधर्माने दिलेली जमीन भोगता येते, पण विकता किंवा दुसऱ्यास देता येत नाही. तेथेच 'नीवीधर्मक्षय' असाही शब्द येतो, म्हणजे ती अट उठविणे. असे व्यवहार शासनाच्या अधिकरणापुढे, गावच्या प्रमुख लोकांना कळवून आणि दप्तरदारांची तपासणी होऊन होत. म्हणजे आपल्या पूर्वजांनी गाठ कधी सोडूच नये असे म्हटले नव्हते. ती एकट्याने, अंधारात सोडू नये एवढे पाहिले होते. आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातही हेच धोरण दिसते. विश्वस्तांनी लगेच न लागणारा पैसा कोठे गुंतवावा हे त्यात बांधून दिले आहे, आणि मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाल्यास न्यायालयाच्या निर्देशाने तो जवळच्या हेतूकडे वळविण्याची वाटही ठेवली आहे. विश्वस्तांना स्वतःच्या मर्जीने तसे करता येत नाही.

यावरून काही व्यावहारिक गोष्टी निघतात, त्या देणगीदारांनी ध्यानात घ्याव्यात अशी विनंती आहे. कायम ठेव देताना हेतू लेखी द्यावा. आयकराच्या नियमांतही कायम निधी म्हणून धरावयाच्या देणगीस दात्याची स्पष्ट सूचना लागते. हेतू लिहिताना तो फार आवळू नये. "अमुक तिथीस अकरा ब्राह्मणांना अमुक पक्वान्नाचे भोजन" असे लिहिण्याऐवजी "अमुक तिथीस अन्नदान" असे लिहिले तर पन्नास वर्षांनीही ते पाळता येते. विष्णुदत्तेने कोणते औषध, कोणत्या रोगावर, हे ठरवून दिले नव्हते. व्याजाचा काही अंश दरवर्षी मुद्दलात मिळविण्यास अनुमती द्यावी. पहिल्या वर्षी नैवेद्य थोडा साधा होईल, पण पुढील पिढीत नारळावर यावयाची वेळ येणार नाही. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी फळझाडांचा विचार करावा. उषवदाताने त्याच लेखात चिखलपद्र गावी नारळाची आठ हजार रोपे दिल्याचे म्हटले आहे. आणि ज्या घरांतील वडीलधाऱ्यांची जुनी ठेव आहे त्यांनी पावती जपून ठेवावी व पत्ता बदलल्यास कार्यालयास कळवावे, कारण ठेव चालू असते आणि कळवावयाचे कोणास हेच कित्येकदा समजत नाही. तुटीत भर घालावी असा आग्रह नाही. आपल्या आजोबांच्या नावाचा संकल्प आजही होतो, एवढे नातवंडांना ठाऊक असावे.

श्रींच्या दर्शनानंतर जे भाविक पुढे त्र्यंबकेश्वरास जाणार असतील त्यांनी नाशिकला दोन तास अधिक काढावेत. पांडवलेणी शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात आहेत. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून सकाळी उन्हाच्या आधी चढावे आणि वृद्धांनी सावकाश. दहाव्या लेण्याच्या ओवरीत, भिंतीवर, ब्राह्मी लिपीत कोरलेले हे लेख आहेत. गोवर्धनचे विणकर गेले, वर्षावासाचे वीस भिक्षू गेले, कार्षापण चलनातून गेले. एका ठिकाणी दोन हजार आणि एका ठिकाणी एक हजार, दरमहा शेकडा एक आणि दरमहा शेकडा पाऊण, ही नोंद तेथे अजून वाचता येते.